बीटल १३००: चार बोल्टवरून पाच बोल्टवर, पुढे डिस्क ब्रेक – कामाच्या नोंदी

४ सप्टेंबर २०२५ – मापे

गाडी १९७१ ची फोक्सवॅगन बीटल १३००. पुढे बॉल जॉइंट, मागे स्विंग ॲक्सल, चारही चाकांना ड्रम, ब्रेकचा दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबले की ऑइलला दाब देणारा). चाकाला चार बोल्ट, पीसीडी (बोल्टच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १३० मिमी.

दोन रिमांची टायर बसते ती कड खाऱ्या हवेने पापुद्रे सुटेपर्यंत गंजली आहे. तिसऱ्या रिमची बोल्टची भोके लंबगोल झाली आहेत. १३० पीसीडीची धड रिम गोव्यात शोधून सापडली नाही. १९६१ च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत इथे आलेल्या बीटल मात्र सगळ्या पाच बोल्टच्या, पीसीडी २०५. त्या गाड्या मोडीत गेल्या तरी त्यांच्या रिम अजून जुन्या गॅरेजांत पडून असतात. बार्देशात अशा पाच रिम मिळाल्या. लेथवर फिरवून पाहिल्यावर चार सरळ निघाल्या, पाचवी स्टेपनीला. म्हणून हा सगळा खटाटोप.

पाच भोकांची पीसीडी पट्टीने सरळ मोजता येत नाही, कारण समोरासमोर भोक नसते. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर घ्यायचे आणि ०.५८७८ ने भागायचे. आपले अंतर १२०.५ मिमी आले, म्हणजे २०५ बरोबर. दोन भोकांच्या जवळच्या कडांमधले अंतर मोजून त्यात एका भोकाचा व्यास मिळवला तर मध्य शोधण्याची कटकट राहत नाही.

ऑर्डर देण्याआधी मागचा ॲक्सल कोणता ते ठरवले. १९६६ पर्यंतच्या स्विंग ॲक्सलचा धुरा आखूड, नंतरचा लांब. पाच बोल्टचा जुना मूळ ड्रम आखूड धुऱ्याचा असतो आणि त्यातला मागचा ब्रेक शू अरुंद असतो. तो नंतरच्या गाडीवर चढवला तर धुऱ्याच्या खाचांवर (स्प्लाइनवर) बसतो, पण बॅकिंग प्लेटशी (शू ज्या स्थिर पत्र्यावर बसतात त्याच्याशी) जुळत नाही. आपल्याला हवा तो लांब धुऱ्याचा, ४० मिमी शूचा, पण २०५ वर भोके पाडलेला ड्रम. ऑर्डर देताना ही तिन्ही विशेषणे लिहावीत. नुसते ‘पाच बोल्टचा बीटल ड्रम’ म्हटले की चुकीचा ड्रम येतो.

कागदपत्रांचे आधीच पाहून ठेवावे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जुलै २०२१ च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी. म्हणून या कामात कुठेही कापाकापी नाही, वेल्डिंग नाही. सगळे बोल्टने बसणारे आणि उलटे करता येणारे. काढलेला प्रत्येक भाग ऑइल लावून, चिठ्ठी बांधून ठेवायचा. परिवहन कार्यालयात विचारायचे ते सुटे भाग मागवण्याआधी.

११ सप्टेंबर – काय मागवले

पुढे: २०५ पीसीडीचा डिस्क किट. हबसकट रोटर (ब्रेकची डिस्क), कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), कॅलिपरचे ब्रॅकेट, पॅड, बेअरिंग. रोटर २७७ मिमी व्यासाचा, ९.५ मिमी जाडीचा, म्हणजे कर्मन गिआ या फोक्सवॅगनच्याच गाडीचा आकार. ड्रमवाल्या स्पिंडलला (पुढचे चाक ज्यावर फिरते त्या दांड्याला) कॅलिपर धरायचे कान नसतात, म्हणून ब्रॅकेटवाला किट लागतो. ब्रॅकेट बॅकिंग प्लेटच्याच तीन भोकांवर बसते. मागे: वर सांगितलेले ड्रम आणि नवे शू. जुने शू जुन्या ड्रमच्या गोलाईला घासलेले असतात. नव्या ड्रममध्ये ते टोकांनाच टेकतात, आणि हँडब्रेक तर धरतच नाही.

किट ५४,००० रुपये, ड्रमची जोडी २१,०००. वाहतूक आणि कस्टम मिळून ४१,५००. बजेट करताना लोक हा शेवटचा आकडा विसरतात. लोखंडाचे वजन जास्त आणि वाहतुकीचे पैसे वजनावर.

५ ऑक्टोबर – खोके आले, बाकावर जुळवाजुळव

गाडीला हात लावण्याआधी सगळे बाकावर मांडले, आणि ते बरे झाले. ड्रम आणि रोटरची भोके एम १४ × १.५ च्या (१४ मिमी व्यास, १.५ मिमी अंतराच्या) आट्यांची. बार्देशच्या रिम मात्र एम १२ च्या. पीसीडी दोन्हीकडे २०५ च, त्यामुळे कागदावर काही कळत नाही.

एम १४ चा बोल्ट रिमच्या बैठकीला नीट टेकत नव्हता. मार्किंगचा निळा रंग लावून घट्ट करून काढला, तर बैठकीवर पूर्ण कडे उमटण्याऐवजी बाहेरची बारीक रेघच आली. ही रिम हबच्या मध्यावर बसत नाही, बोल्टच तिला मध्यावर आणतात. बैठक अर्धी टेकली तर चाक डगमगते आणि बोल्ट सैल होतो. भोक मोठे करून घ्या, असा सल्ला दोघांनी दिला. तो मानू नये. बैठक दाबून घडवलेली असते. ड्रिलने ती जाते आणि रिम वाया जाते.

उपाय: पायरीचे स्टड. एक टोक एम १४, ड्रममध्ये जाणारे. दुसरे टोक एम १२ × १.५, त्यावर गोल बैठकीचे नट. वीस स्टड आणि वीस नट, ९,००० रुपये. नट घेताना बैठक पाहून घ्यावी. बाजारात सहज मिळतात ते ६० अंशांच्या शंकूचे, अलॉयसाठीचे. या रिमला गोल बैठकच लागते. स्टड येईपर्यंत दहा दिवस थांबावे लागले. पण मोकळ्या स्पिंडलवर करायचे काम होतेच.

९ ऑक्टोबर – पुढचे ड्रम काढले

डाव्या स्पिंडलचे आटे उलटे आहेत. क्लॅम्प नटचा ६ मिमी ॲलन बोल्ट आधी ढिला करायचा, मग नट घड्याळाच्या दिशेने फिरवून काढायचा. डाव्याच बाजूने स्पीडोमीटरची केबल स्पिंडलमधून येते, तिचे चौकोनी टोक डस्ट कॅपमध्ये अडकते आणि बाहेर छोटी क्लिप असते. क्लिप न काढता कॅप उपटली तर केबल तुटते. किटमधल्या दोन्ही कॅप बंद, चौकोनी भोक नसलेल्या. जुनी डावी कॅप जपून ठेवली, नव्या हबवर तीच बसते का तेही मोजून घेतले. व्यास जुळला.

बॅकिंग प्लेटचे तीन बोल्ट गंजून पक्के. डिझेलने भिजवून रात्रभर ठेवले, सकाळी रिंग पान्याने सुटले. उघड्या तोंडाचा पाना लावला असता तर डोकी गोल झाली असती.

१२ ऑक्टोबर – रोटर बसवले, डगमग

नव्या रोटरवर गंज न लागण्यासाठीचे ऑइल असते. ते डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नये, पातळ थर मागे राहतो आणि पॅड चिकट होतात. ब्रेक क्लीनर वापरला, शेवटी कोऱ्या फडक्याने पुसले. फडक्यावर काळे उमटायचे थांबेपर्यंत पुसायचे. बेअरिंगला उष्णता सोसणारे लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस. साधे चॅसिस ग्रीस डिस्कच्या उष्णतेने पातळ होऊन सीलबाहेर येते आणि पॅडवर जाते.

नट घट्ट करून, चाक फिरवून, परत सोडून डायल गेजवर आडवी हालचाल ०.०३ ते ०.१२ मिमीच्या मध्ये आणायची. गेज नसेल तर जुनी खूण अशी: बेअरिंगमागचा जाड वायसर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जेमतेम सरकला पाहिजे. उजवीकडे ०.०७ वर बसले. डाव्या रोटरची डगमग ०.२४ मिमी. मर्यादा ०.२०. रोटर वाकडा असेल म्हणून परत पाठवण्याची तयारी चालली होती. पण रोटर नवा आणि खोके शाबूत, त्यामुळे आधी बेअरिंगची बाहेरची कडी तपासली. आतल्या बाजूच्या बेअरिंगची ही कडी पूर्ण खाली बसलीच नव्हती. ०.०५ ची फीलर पात खालून जात होती. पितळी ड्रिफ्टने चारही बाजूंनी आळीपाळीने ठोकले. ठोक्याचा आवाज बोदा असेपर्यंत कडी अधांतरी असते, बसली की खणखणीत येतो. परत मोजले, ०.०९. ही कडी तशीच सोडली असती तर पन्नास-साठ किलोमीटरमध्ये ती आपोआप बसली असती आणि बेअरिंगला ढिलाई आली असती.

कॅलिपर बसवताना हवा काढायचे निपल वर आहे ना ते पाहावे. डावा-उजवा अदलाबदल झाला तर निपल खाली जाते आणि वरची हवा कधीच निघत नाही. ब्रॅकेटचे बोल्ट ४० न्यूटन-मीटर, थ्रेडलॉक लावून.

१६ ऑक्टोबर – मागे

स्टड आले. एम १४ चे टोक ड्रममध्ये किती आत जाते ते आधी कोरडे बसवून पाहिले. २०५ वर भोके म्हणजे बोल्ट ड्रमच्या काठाजवळ, आणि त्याच जागी आतून शू. दोन स्टडांची टोके आत सव्वा मिलिमीटर डोकावत होती. तशी ठेवली तर शूला घासतात आणि चाक फिरताना टकटक होते. ग्राइंडरवर टोके कमी करून, आटे परत साफ करून, उष्णतेला टिकणारे थ्रेडलॉक लावून बसवले. जुने बोल्टच वापरणाऱ्यांनीही लांबी तपासावी. लांब बोल्ट शूला भिडतो आणि चाक घट्ट झाल्याचा भास होतो.

मागचा नट ३६ मिमीचा. चाक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला आणि पहिला गिअर टाकून लांब नळीने सोडायचा. ड्रम पुलरनेच काढायचा. धुऱ्याच्या टोकावर हातोडा मारला तर तो मार थेट गिअरबॉक्समधल्या फुल्क्रम प्लेटांवर जातो. पाच मिनिटे वाचवायला गिअरबॉक्स उघडावा लागेल.

नवा ड्रम धुऱ्याच्या खाचांवर हाताने सरकला पाहिजे, पण डावी-उजवी खेळ नको. ड्रम हातात धरून फिरवला की टक् आवाज आला तर धुऱ्याच्याच खाचा झिजलेल्या. आपल्या ठीक निघाल्या.

ऑइल सील दोन्हीकडचे बदलले. गाडी घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) असताना स्विंग ॲक्सल खाली लोंबतो, त्यामुळे कव्हर उघडताच गिअर ऑइल वाहते. खाली परात ठेवावी. ऑइल परत भरण्याचा प्लग १७ मिमी ॲलनचा. ती चावी आधीच हाताशी हवी, कारण फार कमी गॅरेजांत असते.

नटला ३० किलोग्राम-मीटर, म्हणजे साधारण २९४ न्यूटन-मीटर. एवढा टॉर्क पाना नसेल तर नटच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर, नळी आडवी असताना, ३० किलो वजन टांगावे. स्प्लिट पिनचे भोक जुळले नाही तर नट पुढे घट्ट करायचा, मागे कधीच सोडायचा नाही.

२४ ऑक्टोबर – उजवे मागचे गळते

दिवाळीनंतर पाहिले तर उजव्या ड्रमच्या खालच्या भोकातून गिअर ऑइलचा ओघळ. सील नवे, तरीही. उघडल्यावर कारण दिसले. सीलचे ओठ ज्या स्पेसरवर फिरतात त्या स्पेसरवर गंजाची खोल चर. नव्या सीलचे ओठ नेमके त्याच चरीवर. वेर्ण्याच्या एका लेथवर ईएन-८ पोलादातून नवा स्पेसर करून घेतला, बाहेरून ग्राइंड करून. लांबी जुन्याइतकीच, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत, कारण ड्रमचा सगळा दाब याच नळीतून बेअरिंगवर जातो. आतल्या कडेचा उतार, जिथे छोटी ओ-रिंग बसते, तोही तसाच ठेवायला सांगावे लागते. डावा स्पेसर चकचकीत होता, पण तोही बदलून घेतला.

ऑइल प्यायलेले नवे शू फेकले. लायनरमध्ये मुरलेले गिअर ऑइल पेट्रोलने निघत नाही. गरम झाले की परत वर येते.

२८ ऑक्टोबर – पाइप

पुढचे जुने पाइप कॅलिपरपर्यंत पुरत नव्हते. बाजारात मारुतीचे तयार पाइप मिळतात, नटही एम १० × १ चाच. हाताने सुरळीत फिरतो, शेवटपर्यंत जातो, आणि तरी गळतो. आटे तेच, पण टोकाची घडण वेगळी. जपानी पद्धतीत पाइपचे टोक आत दुमडलेले, दुहेरी. जर्मन पद्धतीत बुडबुड्यासारखे फुगीर. पोर्टमधली बैठक फुगीर टोकासाठी कोरलेली आहे. गळते म्हणून अजून आवळत राहिले तर पोर्टची बैठक चिरडते आणि मग योग्य पाइपही गळतो.

तांबे-निकेल पाइप, ४.७५ मिमी, आणि फुगीर टोकाची डाय वापरून नवे केले. समुद्राकाठी लोखंडी पाइपला गंज आतून-बाहेरून खातो, तांबे-निकेल टिकते. टोक करण्याआधी नट पाइपवर घातला आहे का ते पाहावे.

१ नोव्हेंबर – हवा काढली, आणि पुढची चाके धरून बसली

डॉट ४ चा नवा डबा. गोव्याच्या दमट हवेत उघडलेला डबा पुढच्या वेळेसाठी ठेवू नये, ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढते. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश, पाणी मुरल्यावर १५५. घाटात हा फरक कळतो. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळ येत गेलो. पेडल छान कडक.

घोड्यांवरच दहा-बारा वेळा पेडल दाबल्यावर पुढची दोन्ही चाके हाताने फिरेनात. मागची मोकळी. कारण शोधायचा क्रम लिहून ठेवतो, कारण याच जागी लोक कॅलिपर खोलून बसतात.

आधी निपल किंचित उघडले. बारीक पिचकारी आली आणि चाक लगेच मोकळे झाले. म्हणजे पिस्टन जाम नाही, दाब अडकला आहे. निपल बंद करून परत पेडल दाबले, चाक धरले. आता मास्टर सिलिंडरकडचा पाइपचा नट ढिला केला. तिथेही पिचकारी, आणि चाक मोकळे. म्हणजे होज (कॅलिपरकडे जाणारी रबरी नळी) आतून बुजलेली नाही. होज बुजलेली असती तर मास्टरकडे सोडूनही चाक धरूनच राहिले असते. अडथळा मास्टरमध्येच. मग पुश-रॉड आणि पिस्टनमधले अंतर पाहिले. १ मिमी हवे, १ च होते. हे अंतर नसेल तर पिस्टन मागे येत नाही, परतीचे बारीक भोक झाकलेलेच राहते, आणि लक्षण हुबेहूब असेच दिसते. अंतर बदलायचे झाले तर पेडलखालची अडण सरकवायची, रॉडची लांबी बदलायची नाही.

उरले ते एकच. ड्रमवाल्या मास्टरच्या तोंडाशी दाब राखणारे व्हॉल्व्ह असतात. ड्रमच्या सिलिंडरची रबरे दाबलेली राहावीत म्हणून ते थोडा दाब मागे ठेवतात. ड्रमला शूची स्प्रिंग ओढून घेते, म्हणून चालते. डिस्कला परत ओढणारी स्प्रिंग नसते, तेवढ्या दाबानेही पॅड रोटरला चिकटून राहतात. रस्त्यावर नेली असती तर दहा किलोमीटरमध्ये निळ्या डिस्क झाल्या असत्या. व्हॉल्व्ह काढून टाकता येतो, पण जुन्या मास्टरची रबरेही थकलेली होती. पुढे डिस्क असलेल्या कर्मन गिआचा मास्टर मागवला, १९.०५ मिमी बोअरचाच. ७,२०० रुपये.

मागचे व्हील सिलिंडर मूळचेच ठेवले. जास्त ब्रेक मिळेल म्हणून मागे मोठा सिलिंडर लावला तर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी अडकतात, आणि इंजिन मागे असलेली ही गाडी तिथेच फिरते.

८ नोव्हेंबर – नवा मास्टर

बाकावरच ऑइल भरून, हवा काढून मग बसवला. गाडीवर बसवून हवा काढायला दुप्पट ऑइल जाते. ब्रेक लाइटचे दोन स्विच निमुळत्या आट्यांचे, त्यांना टेफ्लॉन टेप लावायची नाही. टेपचा तुकडा आत गेला तर परतीचे भोक बुजते. चाके दाबली की धरतात, सोडली की फिरतात. पॅड हलके टेकल्याचा सूसू आवाज राहतो, तो राहायलाच हवा.

९ नोव्हेंबर – चाके आणि मडगार्ड

टायर १६५/८० आर १५, रिम ४ इंच रुंदीच्या. पुढे प्रत्येक बाजूला चाक ९ मिमी बाहेर आले, मागे ५. पूर्ण वळवून, पुढे दोघांना बॉनेटवर टेकायला सांगून पाहिले. मडगार्डच्या आतल्या कडेशी १४ मिमी मोकळी जागा उरली. रुंद रिम घालणाऱ्यांनी हे माप टायर घेण्याआधी काढावे. मागच्या चाकाला स्विंग ॲक्सलमुळे आणखी एक अट आहे: गाडी उचलल्यावर चाक आत कलते, मडगार्ड न काढता ते बाहेर निघते का तेही पाहावे. निघते.

नट १०० न्यूटन-मीटर, ताऱ्याच्या क्रमाने.

१२ नोव्हेंबर – पॅड बसवणे आणि घाट

सपाट मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्ये मध्ये गाडी वाऱ्यावर चालवून थंड करत. गरम असताना पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवले तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढे स्टीअरिंग थरथरते. मग चोर्ला घाट उतरून पाहिला, दुसऱ्या गिअरवर. केरीला थांबून इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजले: उजवी डिस्क १७१ अंश, डावी १६४. दोन्हींमध्ये वीस-तीस अंशांहून जास्त फरक असता तर कॅलिपर किंवा होज परत पाहावी लागली असती. मागचे ड्रम ७० च्या आसपास. पेडल वरच्या वरच राहिले. ड्रम होते तेव्हा याच उतारावर शेवटच्या वळणांना पेडल खाली जायचे.

घरी येऊन सगळे नट परत तपासले. वीसपैकी तीन थोडे फिरले. नव्या रंगाच्या थरामुळे असे होते, बैठकीवर रंग लावूच नये. तीन जागचा रंग खरवडून परत आवळले.

३० नोव्हेंबर – ६०० किलोमीटरनंतर

मागचे शू ड्रमला बसले, हँडब्रेक परत जुळवला. आता चौथ्या दाताला धरतो. मागचे ३६ चे नट परत ३० किलोग्राम-मीटरवर पाहिले, हलले नाहीत. सील कोरडे. पुढच्या बेअरिंगची हालचाल डावी ०.०८, उजवी ०.०७.

खर्च: किट, ड्रम, वाहतूक आणि कस्टम मिळून १,१६,५००. मास्टर ७,२००, स्टड आणि नट ९,०००, पाइप-होज ४,३००, शूचे दोन सेट ३,६००, सील २,४००, लेथ १,८००, रिम सँडब्लास्ट आणि रंग ६,०००. एकूण १,५०,८००, मजुरी धरलेली नाही. पुढेही ड्रमच ठेवले असते तर यातले निम्म्याहून कमी लागले असते, आणि मास्टर बदलावा लागला नसता. ज्यांना फक्त रिम बदलायच्या आहेत त्यांच्यासाठी तो मार्ग पुरेसा आहे. घाटात नेहमी जाणाऱ्यांनी मात्र डिस्कच घ्यावी.

सर्वांत जास्त वेळ गेला तो सुटे भाग येण्याची वाट पाहण्यात. स्टडचा प्रश्न आणि मास्टरचा प्रश्न पहिल्याच ऑर्डरमध्ये सोडवता येतो: रिमच्या बोल्टचा व्यास कळवा, आणि पुढे डिस्कवाला मास्टर सोबतच मागवा.

पुढची तपासणी मेमध्ये, पावसाआधी: कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून ग्रीस, हँडब्रेक केबलची नळी, पाइपचे सांधे. ब्रेक ऑइल नोव्हेंबर २०२७ मध्ये बदलायचे, तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहिली आहे.